दुखण्याची वही

पोटात कळ येते ती वेगळी, मुरडा येतो तो वेगळा आणि गोळा येतो तो तर आणखीच वेगळा, हे कुणाला समजावून सांगायची पाळी माझ्यावर येईल असं १९७१ च्या जूनपर्यंत मला वाटलं नव्हतं. डी.एड. होऊन मी घरी बसले होते. जिल्हा परिषदेच्या नेमणुकीचा कागद आज येईल, उद्या येईल, असं चाललं होतं. थोरल्या बहिणीचं सासर दौंड तालुक्यात, केडगाव आणि पारगावच्या मधल्या एका वाडीत. तिचा निरोप आला की जवळच्या मिशनच्या दवाखान्यात न्यूझीलंडहून एक नर्स आली आहे, तिला मराठी शिकवायला बाईमाणूस हवंय, महिना साठ रुपये देतील, राहायला माझं घर आहेच.

आमचं घर घोडनदीचं. सरकारी कागदावर शिरूर, पण आम्ही सगळे घोडनदीच म्हणतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, माळकरी, वारी न चुकवणारे. निरोप ऐकून म्हणाले, "बाटवायला आलेल्यांची शिकवणी करणार तू?" आई चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. "शिकवायला चाललीय ती, शिकायला नाही," एवढंच बोलली. तिचं हे बोलणं पुढे खोटं ठरलं, पण त्या दिवशी त्याच जोरावर मी एसटीत बसले. घोडनदी, न्हावरं, मग भीमा.

गोरं माणूस आमच्या गावाला नवं नव्हतं. घोडनदीला इंग्रजांची छावणी होती, आणि १८०९ साली तिथं वारलेल्या कर्नल वॉलेसची कबर गावाला आहे. आजी सांगायची, लोक त्याला सत्पुरुष म्हणायचे, त्याच्यापुढे नैवेद्य ठेवायचे, सुगीचं पहिलं धान्य न्यायचे. अमेरिकन मराठी मिशनने १८४१ मध्ये गावात ठाणं केलं. पुढे रिचर्ड विन्सर यांनी दिनशा पेटिटांच्या नावाची उद्योगशाळा चालवली, आणि घायपातापासून वाख काढायचं काम तिथं शिकवलं जायचं. म्हणजे मेलेल्या साहेबाला देव करणं आणि जिवंत साहेबाकडून धंदा शिकणं, दोन्ही आमच्या गावाने केलं होतं. साहेबाच्या मुलखातल्या एखाद्या पोरीला शेजारीण करून घेणं मात्र कसं असतं, ते मला ठाऊक नव्हतं.

ती चोवीस वर्षांची होती, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. गाव तिला मडमबाई म्हणे, दवाखान्यातली मुलं सिस्टर म्हणत. तिचं नाव मी इथे लिहीत नाही, तिला ते आवडलं नसतं.

मिशनमध्ये भाषेचा नियम कडक. पहिल्या वर्षाची परीक्षा, मग दुसऱ्या वर्षाची, आणि पहिली उत्तीर्ण होईपर्यंत जबाबदारीचं काम नाही. पहाटे पाचला ती उठे. कंदील लावून अर्धा तास बायबल वाची, मग अंगणात उकिडवी बसून दात घाशी, कारण उभं राहून दात घासलेले पाहिले की वाडीतली पोरं गोळा होत. सातला मी जाई. दोन तास माझ्याकडे, दोन तास तिचा तिचा अभ्यास, आणि दुपारी चार माणसांत बसून बोलायचं, हाही अभ्यासच. मधल्या वेळात दवाखान्यात. तिथं तिच्याकडे काम काय, तर धुतलेल्या पट्ट्यांच्या गुंडाळ्या करणं आणि बाटल्या उकळून ठेवणं. आपल्या देशात रात्रपाळीला अख्खा वॉर्ड एकटीने सांभाळलेली ती मुलगी. बोलता येत नाही म्हणून तिला पोरीसोरींचं काम करावं लागत होतं, आणि ती ते मान खाली घालून करत होती. परदेशात देवाचं काम करायला जाणारी तरुण माणसं म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे प्रवचनं येतात. मी पाहिलं ते असं : पहिलं दीड वर्ष पट्ट्या आणि क्रियापदं.

शिकवायला आमच्याकडे लॅम्बर्टबाईंचं १९४३ सालचं पुस्तक होतं, आणि मोल्सवर्थचा कोश. पुस्तक चांगलं होतं, पण जीभ पुस्तकाने वळत नाही. पात, पाट, पाठ, पाथ हे चार शब्द तिला एकच ऐकू येत. काल आणि काळ यांत तिला भेद कळेना. चमच्यातला च आणि चारातला च वेगळे आहेत हे तर, खरं सांगते, तिने विचारेपर्यंत माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. बावीस वर्षं मी ते दोन च बोलत होते.

सगळ्यांत जास्त अडलं ते आम्ही आणि आपण यांच्यापाशी. तिच्या भाषेत दोन्हीला एकच शब्द. मी सांगितलं, ज्याच्याशी बोलतो त्याला धरून बोलायचं तर आपण, त्याला वगळून बोलायचं तर आम्ही. तिने विचार केला आणि विचारलं, "मग प्रार्थनेत काय म्हणायचं?" मी गप्प. तिनेच उत्तर शोधलं. लोकांना म्हणायचं, आपण प्रार्थना करू या. देवाशी बोलताना म्हणायचं, आम्हाला क्षमा कर, कारण चूक आमची, देव त्यात नाही. व्याकरणाच्या तासाला तिचे डोळे भरून आले, आणि मला ते काय आहे ते कळलं नाही. मात्र बोलताना तिच्या तोंडी आम्हीच येई. आम्ही उद्या बाजारात जाऊ, असं ती माझ्याकडे बघून म्हणे, आणि मी विचारी, "तुम्ही आणि कोण?"

श्रावणात एक दिवस दवाखान्यात दुभाषी म्हणून मला उभं केलं. एक बाई आली आणि छातीवर हात ठेवून म्हणाली, "आत नुसतं भगभगतंय." सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. तिला येत होतं, माझे डोके दुखते, माझे पोट दुखते. भगभगणं पुस्तकात नव्हतं. मी इंग्रजीत सांगायला गेले आणि मलाही शब्द सापडेना. जळतंय म्हणावं तर जळजळ वेगळी. आग होते म्हणावं तर तीही वेगळी. बाई दोघींकडे आळीपाळीने बघत होती.

त्या रात्री तिने एक लांबट वही काढली आणि रकाने आखले. शब्द. कुठे होतं. कोण म्हणालं. तपासल्यावर काय निघालं. नाव मी दिलं, दुखण्याची वही.

महिनाभरात तिला माझ्याहून जास्त शब्द माहीत झाले. मी घोडनदीच्या पेठेत वाढलेली, मास्तरणीचं शिकलेली. दुखण्याची खरी मराठी होती ती शेतावरच्या बायांकडे. ठणकतं, सलतं, खुपतं, टोचतं, चुरचुरतं, हुळहुळतं, शिवशिवतं, वळवळतं. कंबर धरते, मान आखडते, पाय ओढतो, पोटऱ्यांना गोळे येतात, बरगडीत चमक भरते, हातापायांना मुंग्या येतात, अंगात कसकस असते. लघवीला आग होते त्याला उन्हाळी लागली म्हणतात. वस्तीवरच्या एका म्हातारीने तिला समोर बसवून धडाच दिला. "ठणका म्हंजी आत घण पडत्यात. सल म्हंजी काटा मोडून ऱ्हायलाय. कळ म्हंजी येती आन् जाती, बाळंतिणीला इचार. आन् ढवळतंय म्हंजी पोटात रवी फिरती." सिस्टर लिहून घेत होती, आणि प्रत्येक शब्दाला स्वतःच्या अंगावर बोट ठेवून, इथे असं का, असं विचारत होती. म्हातारीला इतकं कुणी कधी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती आणखी चार जणींना घेऊन आली, आणि त्यांतल्या दोघींना तर काही झालंही नव्हतं. त्या शब्द द्यायला आल्या होत्या.

वहीचा उपयोग लवकर दिसू लागला, आणि परीक्षेआधीच साधं औषध द्यायची मुभा तिला मिळाली. पोटात दुखतं म्हणणाऱ्या दहा जणींत कुणाला मुरडा आहे आणि कुणाची छातीपर्यंत आंबट जळजळ आहे, हे शब्दावरूनच कळू लागलं. मोल्सवर्थच्या १८५७ सालच्या आवृत्तीत साठ हजारांच्या आसपास शब्द आहेत. कंपनी सरकारच्या फौजेतल्या त्या माणसाने पंडितांना बरोबर घेऊन आपले शब्द असेच वेचले असणार, असं मला वही भरताना वाटायचं. शाळेत मला मराठीचे अलंकार शिकवले होते, वृत्तं शिकवली होती. आपल्या भाषेने दुखण्याची एवढी बारीक मोजणी करून ठेवली आहे, हे कुणी सांगितलं नव्हतं.

वहीच्या शेवटच्या पानांवर अंगाचं नसलेलं दुखणं गेलं. घालमेल, हुरहुर, काळजात धस्स होणं, जीव थाऱ्यावर नसणं. एकदा घरचं पत्र वाचून ती पायरीवर बसली होती. मला म्हणाली, "तुमच्या भाषेत माणूस काही करत नाही. मला आठवण येते. मला रडू येतं. मला भूक लागते. सगळं बाहेरून चालत येतं आणि माणूस नुसता बसलेला असतो." मग थोडं थांबून म्हणाली, "हे खरं आहे. मी काही केलं नाही. आठवण आली."

आता एका चुकीबद्दल सांगते, आणि ती चूक आधी माझी होती.

माघात मामेबहिणीच्या लग्नाला मी चार दिवस घोडनदीला गेले. परत आले त्या संध्याकाळी सिस्टर खुशीत होती. त्या दिवशी वस्तीवर चिमणीएवढ्या आवाजात बोलणाऱ्या एका सुनेशी ती एकटी बोलली होती, दुभाषी नसताना. बाईला मळमळत होतं, खाल्लेलं अंगी लागत नव्हतं, तोंडाला पाणी सुटत होतं. तिने जंतांचं औषध दिलं, वर जुलाबाचं. मग अभिमानाने तिने मला वहीतलं वाक्य वाचून दाखवलं : दोन महिने दिवस गेलेत. तिने अर्थ लावला होता, दोन महिने झाले हे सुरू होऊन.

माझ्या हातापायांतलं बळ गेलं. दिवस शिकवला होता, जाणे शिकवलं होतं. दिवस जाणे शिकवलं नव्हतं. आपल्याकडे लेकीबाळींपुढे ते शब्द हलक्या आवाजात बोलायचे असतात, आणि मी शिक्षक असून तोच संकोच धरला होता.

कंदील घेऊन दोघी निघालो. वस्ती दीड कोस. वाट नांगरटीतून, आणि आभाळात चंद्र नाही. ती ठेचकाळत माझ्या पुढे पुढे पळत होती. पोहोचलो तेव्हा बाई चुलीपुढे भाकरी थापत होती. औषध कुठंय विचारलं, तर तिने पदराची गाठ दाखवली. पुड्या तशाच होत्या. त्या दिवशी संकष्टी होती. चंद्र उगवल्यावर नैवेद्य दाखवून उपास सोडायचा आणि मग औषध घ्यायचं, असं तिने ठरवलं होतं. बाहेर बांधाच्या पलीकडे आभाळ तांबूस होऊ लागलं होतं.

सासूला कळू न देता मी तिला काय ते सांगितलं. तिने पुड्या सोडून दिल्या, दोघींकडे पाहिलं आणि म्हणाली, "आता आलायसा तर जेवूनच जावा." भाकरी, वांग्याचं कालवण, गुळाचा खडा. सिस्टरला घास गिळेना. ती बाई, दोन महिन्यांची पोटुशी, दिवसभराची उपाशी, तिच्यापुढे भाकरी सारत म्हणाली, "रडतीस कशाला गं बया, जेव." गावात सगळे तिला अहोजाहो करायचे. पहिल्यांदा कुणी अगं म्हटलं ते त्या रात्री.

सिस्टरने झालं ते वरिष्ठांना स्वतः लिहून कळवलं. कळवलं नसतं तर कुणाला समजलंही नसतं. तिचं औषध देणं तीन महिने बंद झालं, पुन्हा पट्ट्यांच्या गुंडाळ्या. मला ते अन्यायाचं वाटलं आणि मी तसं म्हणाले. ती म्हणाली, "नाही. चंद्र लवकर उगवला असता तर?" भाद्रपद संपता संपता त्या बाईला मुलगा झाला. वहीच्या पहिल्या पानावर, सगळ्या शब्दांच्या वर, तिने मोठ्या अक्षरात लिहिलं होतं : दिवस जाणे.

त्या पट्ट्यांच्या तीन महिन्यांत आम्ही दोघी केडगावला बऱ्याचदा गेलो. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथंच. रमाबाईंचं नाव मी ऐकून होते ते विधवांचं शिक्षण, शारदा सदन आणि त्यांनी धर्म बदलल्यावर पुण्यात उठलेलं वादळ, एवढ्यापुरतं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना इथे केडगावच्या माळावर घेऊन आल्या. पुढे १९०० च्या दुष्काळात गुजरातेतल्या मुलीही आल्या, आणि शेकडो जणींचं ते गाव झालं. बाहेरदेशची तरुण माणसं तिथं कामाला येऊन राहिली. मिनी एब्रम्स नावाची अमेरिकन बाई १८८७ साली हिंदुस्थानात आली होती, मराठी शिकली होती, तीही पुढे मुक्तीत आली. तिकडे दौंडला आल्बर्ट नॉर्टन यांनी दुष्काळातल्या मुलग्यांसाठी अनाथाश्रम काढला होता. सिस्टर अशा माणसांच्या मागून पाऊण शतकाने आलेली.

तिला तिथं सगळ्यांत धरून ठेवलं ते रमाबाईंच्या बायबलने. कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८ मध्ये पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिलेली बाई. ती हिब्रू शिकली, ग्रीक शिकली, आणि मूळ भाषांवरून अख्खं बायबल मराठीत आणायला बसली, तेही दळणाऱ्या-कांडणाऱ्या बाईला कळेल अशा सोप्या मराठीत. खिळे जुळवले तिथल्याच मुलींनी. छापून पुरं झालं १९२४ साली, रमाबाईंना जाऊन दोन वर्षं झाल्यावर. संस्कृत मुखोद्गत असलेल्या माणसाने सोपा शब्द शोधत बसावं, याच्यात किती कष्ट आहेत ते वही भरणाऱ्या आम्हा दोघींना चांगलं समजलं. परतीच्या वाटेवर सिस्टर बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "त्यांनीही म्हाताऱ्या बायांना विचारलं असेल."

१९७२ चा पाऊस आला नाही. आमच्या या दोन्ही तालुक्यांना अवर्षण नवं नव्हतं, पण तो दुष्काळ धान्याचा होता. ज्वारी दिसेना. खडी फोडायची कामं निघाली, नालाबंडिंग, पाझर तलाव, आणि गावच्या गावं त्यावर गेली. ज्यांच्या घरी बारा बैल होते त्यांच्या सुना डोक्यावर पाटी घेऊन उभ्या राहिल्या. कामावर सुकडी मिळे. रेशनला अमेरिकेतून आलेला लाल मिलो. त्याची भाकरी थापताना चिरते, खाताना घशात अडकते. लोक सिस्टरला विचारत, "तुमच्याकडचाच ना हा?" ती सांगून दमली की अमेरिका निराळी आणि न्यूझीलंड निराळं.

ती रोज सायकलने खडीच्या कामावर जाई. तोवर पहिली परीक्षा पास झाली होती, औषधाची पेटी पुन्हा हातात आली होती. वहीत नवी पानं आली. डोळ्यांत कचकचतं, मनगट भरून येतं, हाताला फोड आणि फोडाचे घट्टे, छातीत धूळ बसते. उपाशी बाईला चक्कर येते तिला ती भोवळ म्हणते, आणि डोळ्यांपुढे अंधारी येते ती त्याच्या आधी, हा क्रम तिने तिथं टिपला. अंधारी आली म्हणणाऱ्या बाईला ती लगेच सावलीत बसवायची, भोवळीची वाट बघायची नाही.

कार्तिकात एकदा रेशनच्या दुकानापुढे रांग होती. दवाखान्याच्या स्वयंपाकघरासाठी पिशवी घेऊन तीही रांगेत. उन्हं चढली तरी दार उघडेना. तिने पुढच्या बाईच्या खांद्यावरून डोकावून दुकानदाराला हाक मारली, "दादा, आपल्याला मिलो कधी मिळणार?" रांगेतल्या कुणीही वळून पाहिलं नाही. मी मात्र पाहिलं. तिला स्वतःला ते कळलं नव्हतं. मीही तिला सांगितलं नाही. शिकवणीच्या वहीत त्या दिवशीचा पाठ कोरा आहे.

महिन्याकाठी तिला घरी पत्र लिहावं लागे. तिचा खर्च चालवणारी वर्गणी तिकडच्या चर्चमधून गोळा होई, आणि देणाऱ्यांना कामाचा हिशेब हवा असे. किती सभा झाल्या, किती जण आले, किती जणांनी प्रभूला मानलं. ती टेबलाशी बसून पेन चावत राही. एका महिन्याला तिने लिहिलेलं मला वाचून दाखवलं : या महिन्यात बत्तीस नवे शब्द मिळाले, त्यांतले अकरा एका आजीकडून. तिकडे ते वाचून लोकांना काय वाटलं असेल कोण जाणे. मला विचाराल तर त्या चार वर्षांचा त्याहून खरा हिशेब नव्हता.

तिच्या श्रद्धेबद्दल आडपडदा नव्हता. ती येशूसाठी आली होती, आणि विचारलं की तसं सांगे. संध्याकाळी गोष्टी सांगे, मुलं ऐकत, बाया शेंगा फोडत ऐकत. तिच्यामुळे कुणाचा बाप्तिस्मा झाल्याचं माझ्या पाहण्यात नाही. मलाही तिने एकदा, एकदाच, सरळ विचारलं. नारायण वामन टिळकांचं बोलणं निघालं होतं, ते तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी गेले असं म्हणत, ते. ती म्हणाली, "पूल तर तुमच्या घरातच आहे. तुम्हाला पलीकडे यावंसं वाटतं का?" मी म्हणाले, "नाही. मी पुलावरच बरी आहे." तिचा चेहरा उतरला, ते मी पाहिलं. तिने मान हलवली. दुसऱ्या दिवशी सातला ती वही घेऊन हजर होती. आमच्यात त्याने अंतर पडलं नाही, हे लिहायला सोपं आहे. त्या आठवड्यात दोघींनी एकमेकींना जरा जपून जपून वाक्यं दिली, हेही लिहायला हवं.

१९७३ ला पाऊस झाला. आषाढात तुकोबांची पालखी यवतहून वरवंडकडे निघाली, ती चौफुल्यावरून जाते. आम्ही रस्त्याच्या कडेला लिंबाखाली पाट टाकला, घमेल्यात कोमट पाणी, जांभळं औषध, पट्ट्या. त्या वर्षी जे पाय आले ते वर्षभर खडीवर उभे राहिलेले पाय होते. टाचांना भेगा, भेगांत चिखल. लोक पाय पुढे करेनात. बाईने, त्यातून परक्या बाईने, पायाला हात लावायचा म्हणजे काय! ज्याचा पाय ती धरी तो आधी वाकून तिच्या पायाला हात लावी, आणि दोघांची डोकी आपटत.

दुपारी आमच्या घोडनदीकडची माणसं असलेली दिंडी आली. तिच्यात अण्णा होते. मी हाक मारली तेव्हा ते थांबले, मला पाहिलं, तिला पाहिलं. पाय लंगडत होता. पाटावर बसले, पण पाय मागे घेतला. "माऊली, पायाला हात लावू नका."

"मग औषध कुठे लावू, माऊली?" ती म्हणाली.

आजूबाजूचे टाळकरी हसले. अण्णांनी पाय पुढे केला. तिने तो घमेल्यात धरला आणि खाली बघतच विचारलं, "काय होतंय? ठणकतं, की चुरचुरतं?"

अण्णा माझ्याकडे बघू लागले. "हे तू शिकवलंस?"

"मी नाही. बायांनी."

त्यांनी थोडा वेळ विचार केला, नीट, जसा तो शब्द निवडायला हवा तसा. "चुरचुरतं," ते म्हणाले.

पुढे घोडनदीला गेले की ते विचारत, तुझी चुरचुरबाई बरी आहे ना. आयुष्याच्या शेवटापर्यंत त्यांनी मिशनबद्दलचं आपलं मत बदललं नाही. तिच्याबद्दलचं त्या लिंबाखालीच बदललं होतं.

त्याच वर्षी माझी नेमणूक झाली आणि रोजची शिकवणी सुटली. सुट्टीला मी जात राहिले. १९७५ मध्ये सिस्टरच्या आईला पक्षाघात झाला आणि सिस्टर मायदेशी गेली. एकुलती एक होती, परत येणं झालं नाही. वही तिने नेली नाही. दवाखान्यात नव्याने येणाऱ्या मुलींसाठी ठेवली. त्या मुली आता आपल्याकडच्याच असत, मराठी बोलणाऱ्या, पण शहरांत शिकलेल्या. भगभगणं त्यांनाही माहीत नसे. एकीने ती वही सगळी उतरून घेतली. मूळ वही नंतर उसवली, तिची काही पानं माझ्याकडे आहेत.

तिची पत्रं वर्षाला दोन येत. आधी निम्मं इंग्रजी, निम्मं मराठी. मग सगळं मराठी, कारण तिकडे तिला मराठी बोलायला कुणी नव्हतं आणि लिहिलं नाही तर जाईल म्हणे. अक्षर अगदी पहिलीतल्या पोराचं. १९८६ चं पत्र जुलैत आलं. आई गेल्याचं कळवलं होतं. तिच्या शेवटच्या दिवसांत तिला काय होत होतं ते एकही इंग्रजी शब्द न घालता लिहिलं होतं, आणि त्यात घालमेल होती, ओढ होती, एका ठिकाणी हुळहुळणं होतं. मग एक ओळ मोकळी सोडून खाली : इथे पाऊस थांबत नाही. आपल्याकडे झाला का?

मी त्याच संध्याकाळी परदेशी टपालाचं निळं पत्र आणलं. आपल्याकडे अजून नाही, मी लिहिलं. आभाळ रोज भरून येतं आणि भीमेवरून पुढे निघून जातं.